सहरान्यात लाडू पाठवण्याआधी

तुमच्या मंडळाचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गणेशोत्सवाच्या वर्गणीतले काही पैसे उरले आहेत, आणि ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या तुम्हा तरुण मंडळींना ते सहरिया आदिवासींच्या मुलांच्या पोषणासाठी वापरायचे आहेत. नाचणी सत्त्व, दूध पावडर, प्रथिनांची पावडर, शेंगदाण्याचे लाडू, यांपैकी काय न्यावं, किती न्यावं, आणि त्यासाठी थेट श्योपूर जिल्ह्यातल्या कराहलला जावं का?

मी आहारतज्ज्ञ आहे. नोकरीची बहुतेक वर्षं ग्वाल्हेर-चंबळ भागातल्या पोषण पुनर्वसन केंद्रांत आणि तिथून घरी गेलेल्या मुलांच्या मागे गावोगाव फिरण्यात गेली. माझं मत आधीच सांगून टाकते. पैसा खाऊवर कमी आणि भरवणाऱ्या हातांवर जास्त खर्च करा. कराहलपर्यंत जाऊ नका. ग्वाल्हेरजवळच्या घाटीगावच्या बाजूला एकच सहराना, म्हणजे सहरियांची वस्ती, निवडा आणि तिथे सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी दिवसभराचं पाळणाघर चालवा. तेवढं झेपत नसेल तर निदान सुगीच्या आणि पावसाळ्याच्या महिन्यांत चालवा.

आता याचं कारण. सहरिया ही मध्य प्रदेशातल्या तीन विशेष मागास जमातींपैकी एक, बैगा आणि भारिया या बाकीच्या दोन. २०११ च्या जनगणनेत राज्यात त्यांची संख्या सहा लाखांच्या आसपास होती. श्योपूर, शिवपुरी, गुना, अशोकनगर, मुरैना आणि आपला ग्वाल्हेर जिल्हा, हा त्यांचा मुख्य पट्टा. पलीकडे राजस्थानातल्या बारां जिल्ह्यातही ते मोठ्या संख्येनं आहेत. मुख्य गावापासून थोडी बाजूला त्यांची वस्ती असते, तोच सहराना. २०१६ साली श्योपूरमधल्या बालमृत्यूंच्या बातम्या देशभर गेल्या, तेव्हापासून शहरातून मदत नेणारे लोक श्योपूरचाच रस्ता धरतात. घाटीगाव तासाभराच्या अंतरावर आहे, आणि तिथल्या सहरान्यांतही तीच दुखणी आहेत. जिथे तुम्हाला आठवड्यातून एकदा जाता येईल तेच गाव तुमच्या कामाचं.

एक हिशेब मांडते. एक ते दोन वर्षांचं मूल आईचं दूध पीत असेल तरी त्याला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण ५५० कॅलरी लागतात. त्याचं पोट लहान असतं: वजनाच्या दर किलोमागे एका वेळी फार तर ३० मिलीलीटर मावतं. म्हणजे आठ किलोच्या मुलाला एका बैठकीत मोठी वाटीभर. त्या वाटीत पाण्यासारखी डाळ असेल तर पोट भरतं आणि मूल उपाशीच राहतं. तीस ग्रॅम पिठाची एक छोटी पोळी शंभर कॅलरीची. ती अर्धी वाटी घट्ट डाळीत कुस्करली आणि वर चहाचा एक चमचा तेल घातलं, की त्या तेलाच्या पंचेचाळीस मिळून दीडशेच्या आसपास होतात, डाळीच्या त्यावर. असं दिवसातून चार वेळा झालं की गरज भागते. यात एकही महाग वस्तू नाही. गहू रेशनवर मिळतो, मोहरीचं तेल या भागात घरोघर असतं, डाळ थोडी का होईना असते. अडतं ते 'चार वेळा' या दोन शब्दांवर.

कारण चार वेळा भरवायला कुणीतरी दिवसभर घरी असावं लागतं. सहरिया बाई पहाटे रानात जाते. मोळी आणते, ती विकते, नाहीतर शेतावर मजुरीला जाते. मूल सांभाळते सात-आठ वर्षांची मोठी बहीण. ती पोर धाकट्याला कडेवर घेऊन दिवसभर फिरते, त्याला रडू देत नाही, हातात पोळीचा तुकडा देते. तिच्याकडून याहून जास्त कशी अपेक्षा करायची? तीही भुकेलीच असते, आणि तिची शाळा बुडते ती वेगळीच. आई सकाळी एकदा आणि रात्री एकदा भरवते. मुलाच्या गरजेच्या निम्मंच त्याच्या पोटात जातं.

अंगणवाडी आहे ना, असं तुम्ही म्हणाल. आहे, आणि तिथल्या दीदी पुष्कळदा जिवापाड काम करतात. पण अंगणवाडीत बसून गरम जेवण मिळतं ते तीन ते सहा वर्षांच्या मुलांना. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी घरी न्यायचं पाकीट मिळतं. ते घरी गेलं की चार मुलांत वाटलं जातं, आणि तसंच होणार, कोणती आई तीन मुलांना बाजूला बसवून एकालाच देईल? मुलाची वाढ सगळ्यात जास्त मागे पडते ती नेमकी याच वयात, आणि याच वयाला दिवसा कुणी भरवणारं नाही. या वयात खुंटलेली उंची पुढे फारशी भरून येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत मध्य प्रदेशात पाच वर्षांखालची ४२ टक्के मुलं वयाच्या मानानं बुटकी होती, पाचव्या फेरीत ती ३५.७ टक्के झाली. उंचीच्या मानानं बारीक मुलं २५.८ वरून १९ टक्क्यांवर आली. सुधारणा खरी आहे. पण हा सगळ्या राज्याचा आकडा आहे, त्यात भोपाळची सुखवस्तू अरेरा कॉलनीही आली आणि कराहलही. सहरान्यात दंडाची पट्टी घेऊन बसलं की चित्र वेगळं दिसतं.

आता महिने बघा, कारण सहरियांची भूक महिन्यांवर चालते. माघ-फाल्गुनात बटाटे खोदायला आग्र्याकडे, मग मोहरी कापायला मुरैना-भिंडकडे, आणि मग गहू. याला सगळे 'चैत काटने जाना' म्हणतात. घराला कुलूप लागतं, लहान मूल बरोबर जातं आणि शेताच्या बांधावर गोधडीच्या सावलीत झोपतं. अंगणवाडीच्या वहीत नाव राहतं, मूल नसतं. त्याचं लसीकरण, जीवनसत्त्व अ चा डोस, वजन, सगळं चुकतं. त्याच सुमाराला मोह फुलतो, मग मे महिन्यात तेंदूपत्ता. तेव्हाही घरातली सगळी मोठी माणसं पहाटेपासून रानात. चैताची मजुरी पुष्कळदा धान्यात मिळते, ते पावसाळ्याच्या तोंडापर्यंत पुरतं. मग आषाढ-श्रावण येतो: घरात धान्य कमी, काम कमी, हातपंपाचं पाणी गढूळ, जुलाब आणि हिवताप. उन्हाळ्यात वाळलेलं मूल या दोन महिन्यांत कोसळतं. तुमचा गणेशोत्सव नेमका या तडाख्याच्या शेवटी येतो. तेव्हा लाडू घेऊन गेलात तर ते मूल आधीच केंद्रात भरती झालेलं असतं, किंवा त्याहून वाईट झालेलं असतं.

पुनर्वसन केंद्राबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तुमच्या मदतीची दुसरी जागा तिथे आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी असेल तर ते अतितीव्र कुपोषित. ११.५ ते १२.५ मध्ये असेल तर मध्यम. दोन्ही पावलांवर अंगठा दाबल्यावर खळगा राहत असेल, तर दंड कितीही भरलेला दिसो, ते मूल अतितीव्रच, कारण ती सूज आहे. अशा मुलाला भूक नसेल, ताप असेल, जुलाब असतील, तर त्याच दिवशी केंद्रात न्यायचं. तिथे सुरुवातीला ७५ नंबरचं दूध देतात, शंभर मिलीलीटरमध्ये ७५ कॅलरी असलेलं, थोडं-थोडं, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. शरीर सावरल्यावर १०० नंबरचं. पहिल्या दिवसांत या मुलांचं हृदय आणि यकृत जड अन्न पेलू शकत नाही. म्हणून तुमची प्रथिनांची पावडर अशा मुलाला कळवळ्यानं घरी पाजली तर ती त्याच्या जिवावर बेतू शकते. हे अगदी स्पष्ट लक्षात ठेवा.

केंद्रातला मुक्काम चौदा दिवसांचा. आईला मजुरीची भरपाई मिळते, जेवण मिळतं. तरीही आया मधूनच निघून जातात, आणि लोक म्हणतात, यांना मुलाची पर्वा नाही. एक बाई मला आठवते. मूल नुकतं हसायला लागलं होतं, वजनाचा काटा वर सरकत होता, आणि ती सामान बांधून उभी. घरी दोन मुलं शेजारणीच्या भरवशावर, नवरा मोहरीला गेलेला, आणि ठेकेदाराची गाडी दुसऱ्या दिवशी निघणार होती. ती गाडी चुकली असती तर पावसाळ्यापर्यंतचं धान्य गेलं असतं. तिनं तीन मुलांचा हिशेब केला होता, आम्ही एकाचा करत होतो. तिला अडवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. गावात पाळणाघर असतं तर ती आणखी आठ दिवस थांबली असती, असं मला आजही वाटतं.

केंद्रातून घरी गेल्यावर दर पंधरा दिवसांनी अशा चार तपासण्या व्हायच्या असतात. तिथेच गळती सगळ्यात मोठी. येण्या-जाण्यात दिवस मोडतो, टेंपोचं भाडं, आणि दिवसाची मजुरी. तुमच्या मंडळातल्या कुणाची गाडी असेल तर या चार फेऱ्यांची जबाबदारी घ्या. एका मुलाच्या चार फेऱ्या पूर्ण होणं हे लाडवांच्या कितीतरी डब्यांहून मोलाचं आहे.

पाळणाघराची कल्पना माझी नाही. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारीत जन स्वास्थ्य सहयोग या डॉक्टरांच्या संस्थेनं आदिवासी पाड्यांत याच वयाच्या मुलांसाठी 'फुलवारी' चालवल्या, आणि तिथल्या राज्य सरकारनंही सरगुजा भागातून सुरुवात करून आयांच्या गटांमार्फत फुलवाऱ्या काढल्या. केंद्र सरकारच्या पाळणा योजनेतही अंगणवाडीला जोडून पाळणाघराची तरतूद आहे. तुमच्या सहरान्यात ते असं दिसेल: वस्तीतलंच एखादं घर किंवा सावलीचा ओटा, दहा-बारा मुलं, वस्तीतल्याच दोन बाया पगारावर. या बाया सहरियाच असाव्यात. बाहेरची शिकलेली मुलगी नेमलीत तर ती तीन महिन्यांत कंटाळेल आणि मुलंही तिच्याजवळ रडतील. आज्जीच्या वयाची बाई सगळ्यात उत्तम.

खायला तिथलंच. सकाळी आल्या-आल्या भाजलेल्या चण्याचं सत्तू, गूळ आणि तेल घालून घट्ट कालवलेलं. अकराच्या सुमाराला मूगडाळीची खिचडी, वरून तेल. दुपारी पोळी डाळीत किंवा बटाट्याच्या भाजीत कुस्करून. घरी जाण्याआधी शेंगदाणा-गुळाचा चुरा. शिवपुरी भागात भुईमूग भरपूर पिकतो. वीस ग्रॅम दाण्यांत शंभराहून जास्त कॅलरी आणि पाच ग्रॅम प्रथिनं असतात, हीच तुमची प्रथिनांची पावडर. फक्त दाणे कुटूनच द्या. आख्खा दाणा किंवा लाडवाचा टणक तुकडा या वयाच्या मुलाच्या श्वासनळीत अडकतो. नाचणी सत्त्व आपल्या घरांत बाळाला देतात म्हणून तुम्हाला सुचलं, आणि ते चांगलंच आहे, पण सहरिया आईनं नाचणी पाहिलेलीच नसते. तुमचा डबा संपला की ती सवय तिथेच संपते. मेतकुटाचंही तेच. अंड्याबद्दल: मध्य प्रदेशातल्या अंगणवाडीत अंडं देण्याचा प्रस्ताव २०१५ मध्ये सरकारनं नाकारला. तुम्ही मात्र घराघरांत विचारून, ज्यांना चालतं त्यांच्या मुलांना आठवड्यातून तीन-चार उकडलेली अंडी देऊ शकता. दुसरं काहीच जमलं नाही तरी एवढं जरूर करा.

दूध पावडरचे डबे तर नेऊच नका. आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकले जाणारे डबे लोकांत फुकट वाटणं १९९२ च्या कायद्यानं मना आहे, आणि ते योग्यच आहे. गढूळ पाणी, न उकळलेली बाटली आणि पातळ केलेली पावडर यांनी ठणठणीत बाळसुद्धा जुलाबानं जातं. सहरिया आया दोन वर्षांपर्यंत अंगावर पाजतात, ही त्यांच्या मुलांची सगळ्यात मोठी ठेव आहे. तिला धक्का लागेल असं काही करू नका.

आता क्षयरोग. पोषणाच्या चर्चेत हा विषय मागे पडतो, आणि सहरियांच्या बाबतीत तो मागे पडता कामा नये. श्योपूरमधल्या सहरियांत झालेल्या पाहणीत लाखामागे सुमारे पंधराशे मोठ्या माणसांना फुप्फुसाचा क्षय आढळला होता, देशाच्या सरासरीच्या कितीतरी पट. शिवपुरीकडच्या दगडखाणींत काम केलेल्या पुरुषांना धुळीचा खोकला वेगळाच, आणि दोन्हींची गल्लत होते. पाटोर म्हणजे दगडी पट्ट्यांचं छप्पर असलेलं एका खोलीचं घर, खिडकी बहुधा नाही, चूल आत, आणि खोकणाऱ्या आजोबांच्या कुशीत नातू झोपलेला. पोटभर खाऊनही मुलाचं वजन वाढत नसेल तर घरात दोन आठवड्यांहून जास्त कोण खोकतंय हे आधी विचारा. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, क्षयरोग्याच्या घरातल्या सगळ्यांना पुरेसं धान्य-डाळ दिल्यावर घरातल्या इतरांना क्षय होण्याचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटलं. अन्न हे इथे औषधाइतकंच काम करतं. रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून महिन्याला मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० ची १००० रुपये झाली आहे. ती खात्यात येते का, एवढं जरी तुम्ही पाहिलंत तरी पुष्कळ.

खात्याचा विषय निघालाच आहे. डिसेंबर २०१७ पासून राज्य सरकार सहरिया, बैगा, भारिया कुटुंबांतल्या महिलांना आहार अनुदान देतं, सुरुवातीला महिना १००० रुपये. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेतून पक्की घरं, नळ, रस्ते येत आहेत. या योजनांनी फरक पडला आहे, मी डोळ्यांनी पाहिला आहे. अडतं ते कागदांवर: आधारवर एक नाव, बँकेत दुसरं, बोटांचे ठसे मजुरीनं झिजलेले, केवायसी राहिलेलं. तुमच्यातल्या एखाद्या बँकेत किंवा कचेरीत काम करणाऱ्यानं महिन्यातला एक रविवार या कागदांना दिला, तर मंडळाच्या वर्गणीपेक्षा मोठी रक्कम त्या वस्तीत पोचेल. आणि चैताला जाणाऱ्या कुटुंबांना सांगा की रेशन आता दुसऱ्या गावी, दुसऱ्या राज्यातही उचलता येतं. पुष्कळांना हे ठाऊक नसतं.

एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. तिथे जाऊन आहाराचं अज्ञान दूर करायला निघू नका. या लोकांचं अन्न रानात होतं: कंद, चारोळीची फळं, मोह, पालेभाज्या, समा-कोदोसारखी बारीक धान्यं, शिकार. रान आक्रसलं, बंद झालं. कूनोत चित्ते २०२२ मध्ये आले, पण त्याआधी, गीरचे सिंह आणायचे म्हणून, १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथली २४ गावं उठवली गेली, त्यांत बहुसंख्य सहरियाच होते. जमीन मिळाली ती पुष्कळांना दगडाळ, आणि डिंक-कंदांचं रान मागे राहिलं. अशी माणसं मजुरीच्या गव्हावर आली. म्हातारीला विचारा की लहानपणी काय खात होता, ती तासभर सांगेल, आणि त्यातल्या दोन-तीन भाज्या पाळणाघराच्या खिचडीत घालता येतील.

सुरुवात कशी करायची ते सांगते. आधी घाटीगावच्या एकात्मिक बालविकास प्रकल्पाच्या कार्यालयात जा, सहरान्यांची यादी घ्या, आणि ज्या अंगणवाडीच्या दीदी तुम्हाला वस्तीत फिरवायला तयार होतील ते गाव धरा. तिच्या आणि आशा कार्यकर्तीच्या पाठीमागून चाला, पुढे जाऊ नका. संध्याकाळी जा, दिवसा आया घरी नसतात. दंडाच्या पट्ट्या बरोबर ठेवा आणि मोजायला दीदींकडून शिका. मुलांचे फोटो काढू नका. दर महिन्याला वजन एकाच काट्यावर घ्या. ओआरएसची पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या आशाकडे आहेत का ते जूनच्या आधी पाहून ठेवा. जुलाबात झिंक चौदा दिवस द्यायचं असतं, बरं वाटलं तरी. जंतनाशक गोळीचा दिवस १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट असतो, त्यांतली पहिली तारीख चैताला निघायच्या आधीची आहे, ती साधा.

दोन बायांचा पगार वर्षभर देता येईल एवढी रक्कम बाजूला ठेवल्याशिवाय दार उघडू नका. पाळणाघर सुरू होऊन चार महिन्यांत बंद पडलं तर त्या आयांनी धरलेलं काम सुटतं आणि पुढच्या कुणावर त्या विश्वास ठेवत नाहीत. पैसे कमी पडत असतील तर आपल्या शहरातल्या दुसऱ्या एखाद्या मंडळाला बरोबर घ्या. जानेवारीत दार उघडा, म्हणजे मुलांना जागेची सवय होईल, आणि मोहरीच्या गाड्या येतील तेव्हा कोणत्या आयांनी मूल मागे ठेवायचं आणि कोणत्या घेऊन जाणार, हे त्या स्वतः ठरवू शकतील.